विश्लेषण : टीव्ही सर्वांसाठी होता, तो ‘रिचार्ज’वर कसा आला? भारतीय दूरचित्रवाणीच्या साडेसहा दशकांची गोष्ट

करोनामुळे शाळा बंद असताना, जुलै २०२० मध्ये दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. पहिली ते आठवीच्या मुलांना घरबसल्या शिकता यावे, हा तिचा हेतू. ऑनलाइन वर्ग तेव्हा सुरू होते, पण ज्या घरात एकच मोबाइल आणि तोही कामावर जाणाऱ्या वडिलांच्या खिशात, त्या घरातल्या मुलांना त्याचा उपयोग नव्हता. टीव्हीवरून शाळा ही कल्पना अनेकांना त्या वेळी नवी वाटली. प्रत्यक्षात भारतात टीव्ही आणला गेला तो याच कामासाठी. मग तो करमणुकीचा, जाहिरातींचा आणि पुढे दरमहा पैसे भरण्याचा विषय कसा झाला? आणि आज फुकट टीव्ही पाहायचा असेल तर काय उरले आहे?

भारतात टीव्ही कधी आणि कशासाठी आला?

स्कॉटिश संशोधक जॉन लॉगी बेअर्ड यांनी जानेवारी १९२६ मध्ये लंडनमध्ये दूरचित्रवाणीचे प्रात्यक्षिक दाखवले. दहा वर्षांनी, नोव्हेंबर १९३६ मध्ये बीबीसीची नियमित सेवा सुरू झाली. भारतात मात्र टीव्ही आला तो १५ सप्टेंबर १९५९ रोजी, दिल्लीत, युनेस्कोच्या मदतीने आणि प्रयोग म्हणून. स्वतंत्र भारताच्या गरजांच्या यादीत धरणे, पोलाद आणि अन्नधान्य वरच्या क्रमांकावर होते. टीव्ही ही चैन समजली जात होती. म्हणूनच तो आणताना ‘शिक्षणासाठी’ हे कारण पुढे करावे लागले.

सुरुवातीला कार्यक्रम आठवड्यातून दोनदा होत. ते पाहण्यासाठी दिल्ली परिसरात ‘टेलिक्लब’ म्हणजे सामूहिक टीव्ही केंद्रे होती. घरोघरी संच नव्हते. १९६१ पासून शाळांसाठी धडे सुरू झाले. दैनंदिन प्रक्षेपण १९६५ मध्ये आले. जानेवारी १९६७ मध्ये ‘कृषी दर्शन’ सुरू झाले, तेही दिल्लीजवळच्या मोजक्या गावांसाठी. या सुरुवातीच्या काळातील निर्मात्यांमध्ये पु. ल. देशपांडे होते. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांची टीव्हीसाठी मुलाखत त्यांनीच घेतली होती. टीव्ही तेव्हा आकाशवाणीचाच एक विभाग होता. ‘दूरदर्शन’ म्हणून तो वेगळा झाला एप्रिल १९७६ मध्ये.

मुंबई केंद्राने काय बदलले?

दिल्लीनंतर दुसरे केंद्र सुरू झाले मुंबईत, २ ऑक्टोबर १९७२ रोजी. वरळीच्या मनोऱ्यावरून येणारे प्रक्षेपण पुढच्या वर्षी सिंहगडावरील सहक्षेपण केंद्रामुळे पुणेकरांपर्यंत पोहोचले. ‘आमची माती आमची माणसं’ हा शेतीविषयक कार्यक्रम शिक्षणाचे मूळ सूत्र धरून होता. त्याच्या जोडीला ‘गजरा’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, चिं. वि. जोशी यांच्या कथांवरील ‘चिमणराव’, शनिवारचा मराठी चित्रपट, रविवारचा हिंदी चित्रपट आणि ‘छायागीत’ असा संसार उभा राहिला.

संच महाग होता आणि तो ठेवायला परवाना लागे. परवान्याचे शुल्क टपाल कार्यालयात भरावे लागे. त्यामुळे चाळीत किंवा वाड्यात एखाद्याकडेच टीव्ही असे आणि शनिवार-रविवारी त्या घरात पाय ठेवायला जागा नसे. म्हणजे टेलिक्लब सरकारने काढला नाही, तरी तो चाळीत आपोआप तयार झाला. फरक एवढाच, की इथे लोक धडे पाहायला जमत नव्हते, ते चित्रपट पाहायला जमत होते. प्रेक्षकाला काय हवे आणि सरकारला काय दाखवायचे आहे, यातली ओढाताण इथूनच दिसू लागली.

‘साइट’ हा प्रयोग काय होता?

शहरांत मनोरे उभारून टीव्ही पसरवायला कित्येक दशके लागली असती. विक्रम साराभाई यांचा आग्रह होता की थेट उपग्रहावरून खेड्यांत टीव्ही न्यावा. त्यासाठी १९६९ मध्ये भारताचा अणुऊर्जा विभाग आणि अमेरिकेची ‘नासा’ यांच्यात करार झाला. नासाने आपला ‘एटीएस-६’ हा उपग्रह एका वर्षासाठी भारताला संदेश पाठवता येतील अशा ठिकाणी हलवला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात ओडिशा, बिहार, आंध्र प्रदेश, कर्नाटक, मध्य प्रदेश आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत सार्वजनिक संच बसवले गेले. ‘सॅटेलाइट इन्स्ट्रक्शनल टेलिव्हिजन एक्स्परिमेंट’ हे त्याचे नाव. त्याचेच लघुरूप ‘साइट’. महाराष्ट्र या प्रयोगात नव्हता.

संचासोबत सुमारे तीन मीटर व्यासाची, तारेच्या जाळीची छत्री असे. वीज नसलेल्या काही गावांत संच बॅटरीवर चालत. सकाळी दीड तास शाळकरी मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन आणि थोडी करमणूक, असे रोजचे चार तास होते. शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षणही याच मार्गाने दिले गेले. साराभाई हे पाहायला हयात नव्हते, त्यांचे १९७१ मध्ये निधन झाले होते.

वर्ष संपले, उपग्रह परत गेला. त्याच काळात गुजरातमधील खेडा जिल्ह्यात, पीज या गावच्या लहान प्रक्षेपकावरून दुसरा प्रयोग सुरू होता. तिथे गावकऱ्यांचेच प्रश्न, त्यांच्याच बोलीत, त्यांनाच पात्रे करून दाखवले जात. या प्रकल्पाला १९८४ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. पण पीजचे अनुकरण देशभर झाले नाही. देशभर गेले ते दिल्लीहून येणारे राष्ट्रीय कार्यक्रम.

जाहिराती कधी आल्या?

दूरदर्शनवर जाहिराती १९७६ पासून सुरू झाल्या. खरा बदल झाला १९८२ मध्ये. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये दिल्लीत आशियाई क्रीडा स्पर्धा होत्या. त्यानिमित्त रंगीत प्रक्षेपण आले आणि १५ ऑगस्टपासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९८३ मध्ये ‘इन्सॅट-१ बी’ हा उपग्रह कार्यान्वित झाल्यावर देशभर लहान प्रक्षेपक उभारण्याची मोहीम निघाली. १९८४ मध्ये काही महिने तर जवळपास रोज एक प्रक्षेपक सुरू होत होता.

त्याच वर्षी ‘हम लोग’ आली. तिचे मूळ मेक्सिकोत आहे. तिथे कौटुंबिक मालिकांमधून साक्षरता आणि कुटुंबनियोजनाचा प्रचार केला जात होता. तत्कालीन माहिती व प्रसारणमंत्री वसंत साठे यांनी ते पाहिले आणि तसेच भारतात करण्याचा विचार पुढे आला. मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेल्या या मालिकेच्या पहिल्या काही भागांत उपदेश जास्त होता. प्रेक्षकांनी नाके मुरडली. मग संदेश मागे गेला, घरातली भांडणे-प्रेमे पुढे आली आणि मालिका तुफान चालली. तिच्या प्रायोजकाचे ‘दोन मिनिटांत’ होणारे नूडल्सही घराघरांत पोहोचले.

यातून जाहिरातदारांना जे कळले, ते महत्त्वाचे होते. एकाच वेळी संपूर्ण देश एकाच पडद्यासमोर बसतो. पुढे ‘रामायण’ (१९८७-८८) आणि ‘महाभारत’ (१९८८-९०) यांनी ते सिद्ध केले. टीव्ही संचाचा परवानाही याच दशकात रद्द झाला. म्हणजे टीव्हीचा खर्च आता प्रेक्षकाच्या शुल्कातून येणार नव्हता. तो सरकारच्या तिजोरीतून आणि जाहिरातदाराच्या खिशातून येणार होता. नेमक्या याच वळणावर पी. सी. जोशी समितीने १९८४ च्या अहवालात, भारतीय टीव्हीने ग्रामीण आणि गरीब प्रेक्षकाला विसरू नये, असे बजावले होते. तो अहवाल चर्चेत राहिला, कार्यक्रमपत्रिका मात्र जाहिरातींच्या दिशेने गेली.

केबलवाला कुठून आला?

१९८० च्या दशकात शहरांतील इमारतींमध्ये काही हिकमती तरुणांनी व्हीसीआर लावून, तारा टाकून, घरोघरी चित्रपट दाखवायला सुरुवात केली. हे पहिले केबलवाले. १९९१ च्या आखाती युद्धाची सीएनएनवरील थेट दृश्ये पाहण्यासाठी हॉटेलांवर छत्र्या लागल्या. त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टार टीव्ही सुरू झाला आणि केबलवाल्याने गच्चीवर मोठी छत्री बसवली. २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही ही खासगी हिंदी वाहिनी सुरू झाली.

सरकारी मक्तेदारी मोडली ती अशी, कोणताही कायदा न बदलता. १८८५ चा टेलिग्राफ कायदा देशातून प्रक्षेपण करण्यावर सरकारी नियंत्रण ठेवत होता. परदेशातून आकाशमार्गे येणाऱ्या संदेशाचे काय करायचे, हे त्यात नव्हते. केबलसाठी कायदा आला १९९५ मध्ये, तोवर गल्लोगल्ली तारा पोहोचल्या होत्या.

मराठीपुरते बोलायचे तर मुंबई दूरदर्शनची मराठी उपग्रह वाहिनी १९९४ मध्ये आली, तिचेच नाव २००० मध्ये ‘सह्याद्री’ झाले. १९९९ मध्ये ‘अल्फा मराठी’ (आताची झी मराठी), २००० मध्ये ‘ईटीव्ही मराठी’ (आताची कलर्स मराठी) आणि २००८ मध्ये ‘स्टार प्रवाह’ सुरू झाली. ‘आभाळमाया’सारख्या मालिकांनी मराठी कलाकार, लेखक, तंत्रज्ञ यांना नियमित काम दिले. दूरदर्शनच्या साप्ताहिक भागांच्या काळात हे शक्य नव्हते. खासगी वाहिन्यांनी मराठीचे नुकसानच केले, असे सरसकट म्हणता येत नाही ते यामुळे.

लहरी कुणाच्या मालकीच्या?

१९९३ च्या हिरो चषक क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार यांच्यात वाद झाला. संघटनेने हक्क परदेशी कंपनीला दिले होते, तर देशातून प्रक्षेपणाचा अधिकार आपलाच, अशी सरकारची भूमिका होती. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. खंडपीठात न्या. पी. बी. सावंत, न्या. एस. मोहन आणि न्या. बी. पी. जीवन रेड्डी होते. प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, हे या निकालाचे सार. त्यांच्यावर ना सरकारची मक्तेदारी असावी, ना खासगी कंपन्यांची. लोकांच्या हितासाठी त्यांचे नियमन करणारी स्वतंत्र संस्था हवी, असे न्यायालयाने सांगितले.

यानंतर १९९० मध्येच संमत होऊन पडून असलेला प्रसार भारती कायदा १९९७ मध्ये लागू झाला आणि दूरदर्शन-आकाशवाणी एका स्वायत्त महामंडळाकडे गेली. मात्र पैसा आणि महत्त्वाच्या नेमणुका यांसाठी हे महामंडळ सरकारवरच अवलंबून राहिले. संपूर्ण प्रसारण क्षेत्रासाठी स्वतंत्र नियामक आजही नाही. दर आणि जोडण्यांचे प्रश्न २००४ पासून ‘ट्राय’कडे आहेत, तर वाहिन्यांचे परवाने आणि आशय यांचा कारभार माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे.

टीआरपीचा यात काय संबंध?

जाहिरातीवर चालणाऱ्या वाहिनीचे खरे गिऱ्हाईक जाहिरातदार असतो. त्याला ‘किती लोक पाहतात’ हे सांगण्यासाठी काही हजार निवडक घरांत मोजणी यंत्रे बसवली जातात आणि त्यावरून देशाचा अंदाज बांधला जातो. हाच टीआरपी. यंत्रे दीर्घकाळ शहरांतच जास्त होती. त्यामुळे खेड्यातला प्रेक्षक टीव्ही पाहत असूनही हिशेबात नव्हता. जो मोजला जात नाही, त्याच्यासाठी कार्यक्रमही बनत नाही. ‘बार्क’ या संस्थेने २०१५ मध्ये ग्रामीण भागाचा समावेश केल्यावर चित्र काहीसे बदलले.

वृत्तवाहिन्यांच्या बाबतीत टीआरपीची शर्यत इतकी टोकाला गेली की, आकड्यांत फेरफार केल्याच्या आरोपांनंतर ऑक्टोबर २०२० पासून सुमारे दीड वर्ष त्यांचे रेटिंग जाहीर करणेच थांबवण्यात आले होते. ‘आरडाओरडा कमी करा’ असे प्रेक्षक म्हणत असले, तरी आरडाओरड्याचा हिशेब पैशांत होत होता, हे त्यामागचे कारण.

सेट-टॉप बॉक्सने काय साधले?

जुन्या केबलमध्ये तारेतून मर्यादित वाहिन्याच जात. त्यामुळे आपली वाहिनी आधी लागावी म्हणून वाहिन्याच केबलवाल्यांच्या कंपन्यांना पैसे देत. दुसरीकडे केबलवाला आपली ग्राहकसंख्या कमी सांगे. त्यामुळे वाहिन्यांचे आणि सरकारी कराचेही नुकसान होई. यावर उपाय म्हणून डिजिटल सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला. मुंबईसह चार महानगरांसाठी ३१ ऑक्टोबर २०१२ ही मुदत होती, पुढच्या टप्प्यात पुणे, नागपूर यांसारखी शहरे आणि २०१७ पर्यंत उर्वरित देश.

चित्र स्वच्छ झाले, वाहिन्या वाढल्या, पण दर महिन्याचे गणितही पक्के झाले. पूर्वी केबलवाल्याचे पैसे महिनाभर मागे-पुढे झाले तरी चालत. आता रिचार्ज संपले की पडदा बंद होतो. फेब्रुवारी २०१९ पासून ‘ट्राय’च्या नव्या दररचनेनुसार १३० रुपये अधिक कर हे मूळ शुल्क आणि त्यावर प्रत्येक सशुल्क वाहिनीचे वेगळे पैसे, अशी पद्धत आली. ‘पाहाल तेवढेच पैसे’ हा हेतू होता. प्रत्यक्षात अनेक घरांचे बिल वाढले.

मग फुकट टीव्ही उरला आहे का?

उरला आहे, पण त्याचा मार्ग बदलला. छपरावरच्या अँटेनावर चालणारे दूरदर्शनचे जमिनीवरील प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आले. २०२२ पर्यंत सामरिक महत्त्वाची मोजकी ठिकाणे वगळता ही सेवा संपली. कावळे बसून अँटेना फिरायचा आणि पडद्यावर मुंग्या यायच्या, ही तक्रारही तिच्यासोबत संपली.

आता मासिक शुल्काशिवाय टीव्ही पाहायचा तर ‘डीडी फ्री डिश’ हा प्रमुख पर्याय आहे. डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने ही सेवा सुरू झाली. छत्री आणि बॉक्स एकदाच विकत घ्यायचा, नंतर रिचार्ज नाही. उद्योगक्षेत्राच्या अंदाजानुसार देशातील चार कोटींहून अधिक घरांत ती आहे. तिच्यावरील खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने दिल्या जातात आणि त्यातून प्रसार भारतीला उत्पन्न मिळते. लिलावात सर्वाधिक राखीव किंमत हिंदी मनोरंजन वाहिन्यांसाठी असते, कारण त्यांनाच सर्वाधिक जाहिराती मिळतात. म्हणजे फुकट टीव्हीवरही जाहिरातीचाच नियम लागू आहे.

क्रिकेटचे उदाहरण बोलके आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे चित्रण खासगी हक्कधारकाने प्रसार भारतीला दिलेच पाहिजे, असा कायदा २००७ मध्ये झाला. मात्र हे चित्रण दूरदर्शनच्या जमिनीवरील प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवरच दाखवता येईल, खासगी केबल-डीटीएचवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. जमिनीवरील प्रक्षेपण आता जवळपास नाही. त्यामुळे हा कायदेशीर हक्क व्यवहारात फ्री डिशच्या छत्रीपुरता उरतो.

मोबाइल हा पर्याय ठरेल का?

काही अंशी. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातील इफ्फी महोत्सवात प्रसार भारतीने ‘वेव्हज’ हे स्वतःचे ओटीटी व्यासपीठ सुरू केले. तिथे दूरदर्शनच्या वाहिन्या आणि जुने कार्यक्रम पाहता येतात. पण त्यासाठी डेटा लागतो आणि तो पुन्हा रिचार्जवरच येतो. शिवाय ओटीटीवर प्रत्येक प्रेक्षकाला वेगळा प्रवाह पाठवावा लागतो. एकाच वेळी लाखो लोक आले तर जाळ्यावर ताण पडतो. मनोऱ्यावरून होणाऱ्या प्रक्षेपणात एक जण पाहो की एक कोटी, खर्च तोच राहतो. प्रसारण आणि इंटरनेट यांतला मूलभूत फरक हाच आहे.

यावर ‘डायरेक्ट टू मोबाइल’ तंत्रज्ञानाच्या चाचण्या भारतात झाल्या आहेत. एफएम रेडिओप्रमाणे मोबाइलवर इंटरनेटविना टीव्ही दिसावा, ही कल्पना. त्यासाठी फोनमध्ये विशेष चिप लागते आणि लहरींच्या वाटपावरून दूरसंचार कंपन्यांचा आक्षेप आहे. त्यामुळे ते आपल्या हातातील फोनवर लगेच येईल, असे दिसत नाही.

प्रश्न नेमका काय आहे?

टीव्हीवर काय दिसते, हे प्रत्येक टप्प्यावर पैसे कोण देतो यावरून ठरले. सरकारने दिले तेव्हा धडे आणि सरकारी बातम्या दिसल्या. जाहिरातदाराने दिले तेव्हा मालिका आणि वादचर्चा. आता प्रेक्षक स्वतः देतो, तर ज्याची ऐपत आहे त्याच्यापुरती निवड वाढली. यातला कोणताही टप्पा निखळ चांगला किंवा वाईट नव्हता. सरकारी काळात विरोधी मताला जागा नव्हती, खासगी काळात गरीब प्रेक्षकाला.

मात्र वादळाचा इशारा, साथीची माहिती, निवडणुकीचा निकाल किंवा बंद शाळेतला धडा या गोष्टी रिचार्ज संपलेल्या घरातही पोहोचायला हव्यात. २०२० मध्ये सह्याद्रीवरून मुलांचे धडे देता आले, कारण ती वाहिनी तोवर शाबूत होती आणि तिच्यासाठी वेगळे पैसे पडत नव्हते. फुकट दिसणारी, मराठीत बोलणारी आणि सरकार व जाहिरातदार या दोघांपासून थोडे अंतर राखणारी वाहिनी टिकवायची, तर तिचा खर्च कुणी आणि कसा करायचा, हे ठरवावे लागेल. लहरी लोकांच्या आहेत, असे न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितले आहे. त्यांचा लोकांसाठी हिस्सा किती, हे अजून कुणी ठरवलेले नाही.